हिरव्या पट्टीचा डबा

माझ्या दुकानात पहिल्यांदा आलेला माणूस मेनू बघत नाही, बांबू बघतो. भिंतीत एक लोखंडी कडी ठोकली आहे. तिच्यात पोटरीएवढा जाड बांबू अडकवलेला, बांबूखाली ओट्यावर पिठाचा गोळा, आणि बांबूच्या मोकळ्या टोकावर एक पाय टाकून पंचावन्न वर्षांचा, चष्मा लावलेला मी उड्या मारून राहिलेला. एकदा एक बाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग गल्ल्यावर बसलेल्या माझ्या बायकोला, संगीताला, हळूच विचारलं, "ह्यांना कधीपासून असं होतंय?"

हा आजार जपानातून आला. मी भोकरचा. पुण्यात हॉटेलांत भाज्या चिरता चिरता एका एजंटच्या ओळखीनं जपानातल्या एका इंडियन हॉटेलात आचारी म्हणून गेलो. दिवसभर नान भाजायचो. शेजारी एका म्हाताऱ्याचं रामेनचं दुकान होतं. आठ स्टुलं, मालक तोच, आचारी तोच, वाढपी तोच. रोज सकाळी तो बांबूवर बसून उड्या मारायचा. मलाही आधी वाटलं, ह्याला काहीतरी होतंय. मग एक दिवस त्याच्या शेवया खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझी ड्युटी सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडे जायला लागलो. सहा महिने त्यानं मला नुसते वाडगे धुवायला लावले. त्याचं जपानी मला समजत नव्हतं आणि माझं जपानी त्याला, त्यामुळं आमचं भांडण म्हणून कधी झालं नाही. चार वर्षांनी मी परत आलो तेव्हा शेवया करायला शिकलो होतो. दुसरं काही शिकलो नव्हतो, हे संगीताचं मत.

नांदेडला तरोडा नाक्याजवळ गाळा घेतला. बांबू इस्लापूरहून आणला. बोर्ड रंगवायला पेंटरला सांगितलं, ठळक अक्षरांत लिही, 'रामेन'. पेंटर शिकलेला होता. त्याला वाटलं, मालकाचं शुद्धलेखन कच्चं आहे. त्यानं स्वतःच्या अकलेनं दुरुस्ती केली आणि न सांगता बोर्ड लावून गेला, 'रामायण'. दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले. चपला बाहेर काढल्या, आत येऊन हात जोडले आणि मान वर केली, तर समोर मी बांबूवर. तरी धीर करून त्यांनी विचारलं, "पारायण किती वाजता बसतंय?" मी त्यांना चहा पाजला. ते अजून येतात. शेवया खात नाहीत, चहा पितात.

आता धंदा काय आहे ते सांगतो. रामेन म्हणजे रश्श्यातल्या शेवया. आपल्या शेवया वाळवून दुधात शिजवतात, ह्या ओल्याच उकळून हाडांच्या रश्श्यात टाकायच्या. पीठ गव्हाचंच. पण त्यात एक खार पडतो. त्यानं शेवईला पिवळसर रंग येतो आणि ती दाताखाली रबरासारखी उडते. मी येताना जपानी खाराची पुडी आणली होती, ती तिसऱ्या महिन्यात संपत आली. मी डोक्याला हात लावून बसलो. संगीतानं पुडीत बोट घातलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "अहो, ह्यो तर पापडखार हाय." मी म्हणालो, तुला काय कळतंय, ही विद्या शेकडो वर्षांची आहे. ती म्हणाली, "आमचे पापड काय काल सुरू झाले व्हय?" संध्याकाळपर्यंत पापडखाराच्या शेवया तयार होत्या. पहिल्यापेक्षा चांगल्या झाल्या होत्या. हे मी तिला पुढं दोन वर्षांनी सांगितलं.

पीठ इतकं घट्ट भिजवायचं असतं की हातानं मळलं जात नाही. म्हणून बांबू. बसायचं, उडायचं, गोळा पसरला की घडी घालायची, पुन्हा उडायचं. मग लाटून, रुंद सुरीनं कापून, मुठीत चुरगळायच्या, म्हणजे त्यांना वळण पडतं आणि रस्सा धरतात. रोज चाळीस वाडग्यांचं पीठ. ते संपलं की दुकान बंद. 'एवढंच का?' असं लोक विचारतात. माझे गुडघे मोजून घ्या म्हणावं.

पहिल्या वर्षी भोकरहून माझे सख्खे मामा आले. रुबाबात स्टुलावर बसले. त्यांच्यापुढं काड्या ठेवल्या तर त्यांनी त्या वर-खाली करून बघितल्या.

"उत्तम्या, तुराट्या हायत का ह्या?"

"न्हाई मामा. ह्यानं जेवत्यात तिकडं."

"मग चूल कशानं पेटवत्यात?"

मी चमचा दिला. मामांनी शेवया ओरपल्या, आवाजासकट. जपानात तो आवाज म्हणजे आचाऱ्याचा मान. आमच्याकडं तो आवाज केला की आई पाठीत धपाटा घालायची. शेवया संपल्यावर मामांनी उपरण्याच्या गाठीतून घरची भाकर काढली, उरलेल्या रश्श्यात कुस्करली, आणि वाडगा पुसून घेतला. "आता जेवल्यासारखं झालं," म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या मेनूत ज्वारीची भाकर आहे. भाकर आहे म्हणून दुकान आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पण मी लिहायला बसलो ते मामांबद्दल नाही, शेटकार मॅडमबद्दल.

मॅडम लातूरच्या. हायस्कुलात मराठी शिकवून रिटायर झालेल्या, वय सत्तरीच्या पुढं. धाकटी बहीण नांदेडला, तिच्याकडं महिन्यातून एकदा यायच्या. एका सोमवारी दुपारी त्या दारात थांबल्या, माझ्या दहा-बारा उड्या मोजल्या आणि आत आल्या.

"शाकाहारी मिळतं का?"

"मिळतं मॅडम."

"मी लिंगायत आहे. अंडंसुद्धा चालत नाही. भांडी?"

"वेगळी."

"उकळायचं पाणी?"

"वेगळं. रस्सा वेगळा, तेल वेगळं, झारे वेगळे." मी भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. तिच्यावर तेच लिहिलं होतं.

"पाटी मी वाचली. आता स्वयंपाकघर दाखव."

दाखवलं. त्यांनी झाकणं उचलून बघितली. मग विचारलं, "नाव काय तुझं?" मी सांगितलं, उत्तम गजभारे. आडनाव ऐकल्यावर माणूस बौद्ध आहे हे आमच्याकडं लगेच कळतं. कळल्यावर काही लोकांना अचानक काम आठवतं. मॅडमना आठवलं नाही. त्या बसल्या, गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून क्षणभर डोळे मिटले, आणि जेवल्या. शाकाहारी रस्सा मी वाळलेल्या मश्रूमचा, भाजलेल्या कांद्याचा करतो. त्यात तीळ वाटून घालतो आणि थोडा तुरीच्या डाळीचा कट. डाळ लातूरची आहे म्हटल्यावर त्यांनी, आपलं माणूस भेटल्यासारखी, मान हलवली.

"शेवई फार लांब आहे रे तुझी," जेवून झाल्यावर म्हणाल्या. "माझ्या वर्गातली पोरं असली वाक्यं लिहायची. कुठंतरी पूर्णविराम देत जा."

त्यानंतर तीन वर्षं त्या दर महिन्याला आल्या. बहीण कधी सोबत आली नाही. तिला बाहेरचं जेवण म्हणजे आजाराला आमंत्रण वाटायचं. मॅडम एकट्या येत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत, आणि जाताना काहीतरी टोचून जात. "नाव उत्तम, आज शेवया मध्यम." त्या गेल्या की संगीता म्हणायची, "ह्या बाई तुमच्या सासूबाई शोभल्या असत्या." खरं सांगायचं तर मी त्यांच्या सोमवारची वाट बघायचो. चाळीस वाडग्यांतले एकोणचाळीस पोटासाठी करायचे आणि एक परीक्षेसाठी.

आता जे झालं ते नीट समजावं म्हणून वाडगा कसा भरतात ते सांगायला पाहिजे. वाडग्याच्या तळाला आधी सोया सॉसचं खारट पाणी. त्यावर एक पळी वासाचं तेल. मग उकळता रस्सा, मग शेवया. ते एक पळी तेल म्हणजे रामेनचा जीव. शाकाहारीसाठी करडीच्या तेलात लसूण-कांदा तळून केलेलं, मांसाहारीसाठी कोंबडीची चरबी वितळवून केलेलं. दोन्ही रंगानं सारखी, मधासारखी. स्टीलचे दोन सारखे डबे होते. एकावर हिरवी पट्टी, एकावर लाल. हे डबे धुणं, भरणं, पट्ट्या बघणं रोज संगीता करायची. मी हात लावायचो नाही.

त्या सोमवारी संगीता भाचीच्या साखरपुड्याला उमरीला गेली होती. सकाळी डबे मी धुतले. पाणी कढत होतं, दोन्ही पट्ट्या सुटून आल्या. त्याच वेळी एक गिऱ्हाईक लवकर येऊन बसलं होतं आणि मी त्याला जपानी लोकांची शिस्त सांगून राहिलो होतो. तिकडं प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, चूक म्हणून होत नाही. असं सांगता सांगता मी डबे भरले आणि पट्ट्या चिकटवल्या.

दुपारी मॅडम आल्या. शाकाहारी वाडगा त्या दिवशी तो एकच झाला. पहिला घोट घेतल्यावर त्यांनी मान वर केली.

"उत्तम, आज काय घातलंयस रे?"

"काय न्हाई मॅडम. रोजचंच."

"नाही. आज फार छान झालंय. थोडा रस्सा दे अजून."

मी दिला. पुन्हा एक पळी तेल टाकून दिला. वर म्हणालो, "आज हात चांगला पडला असंल." त्या खुशीत गेल्या, चारच्या लातूर गाडीला.

पाचच्या सुमाराला बँकेतला एक नेहमीचा माणूस आला. कोंबडीचा वाडगा. दोन घास खाऊन म्हणाला, "उत्तमभाऊ, दुकानाला उपवास हाय का आज? कोंबडीचा वासच न्हाई."

मी लाल पट्टीच्या डब्याचं झाकण काढलं. लसूण आणि करडी. मग हिरव्या पट्टीच्या डब्याचं काढलं. ते झाकण हातात धरून मी किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. बँकेतल्या माणसानं विचारलं, "बरं हाय ना?" मी त्याला म्हणालो, "हाव." आणि दुकान बंद केलं.

संगीता आल्यावर तिला सांगितलं. ती आधी माझ्यावर ओरडली, मग स्वतःवर, साखरपुड्याला गेल्याबद्दल. मी म्हणालो, "त्यांना कळलेलं न्हाई. छान झालंय म्हणाल्या." ती म्हणाली, "मग तुमचं काय म्हणणं हाय?" मला भीती वाटत होती, ती कशाची ते सांगतो. ह्या बाई आडनाव ऐकूनही माझ्या हातचं जेवल्या होत्या. हीच चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली असती तर ती चूक राहिली असती. माझ्या हातून झाली म्हणून तिला काय काय नावं पडतील, आणि 'तरी आम्ही सांगत होतो' असं त्यांना कोण कोण म्हणेल, हे सगळं मला ऐकू यायला लागलं होतं. मी त्यांना सांगितलं तर त्यांचा विश्वास जाणार. नाही सांगितलं तर पुढच्या महिन्यात त्या येऊन पुन्हा विचारणार, तसं का झालं नाही रे आज?

फोन नंबर होता. तीनदा काढला आणि ठेवला. सकाळी पहिल्या एसटीनं लातूरला निघालो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा परतीची गाडी समोरच उभी होती. तिच्यात बसावं असं वाटलं, हे लपवत नाही.

लातुरात घर शोधायला वेळ लागला नाही. पानटपरीवाल्याला विचारलं तर तो विडा लावता लावता ताठ उभा राहिला. "शेटकार मॅडम? मला काठावर पास केलं होतं त्यांनी. डावीकडं वळा, बकुळीचं झाड दिसंल."

दार त्यांनीच उघडलं. मला बघून चेहरा उजळला. "अरे उत्तम! बांबू सोडून इकडं कुठं? माझा चष्मा राहिला का तिथं?"

"न्हाई मॅडम." आत बसायच्या आधी, दारातच उभा राहून सांगितलं. डबे, पट्ट्या, तेल. काहीच गाळलं नाही. दुसऱ्यांदा दिलेली पळीसुद्धा सांगितली.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुला, काय घातलंयस म्हणून."

"हो."

"छान झालंय म्हणाले."

"हो मॅडम."

"अजून मागून घेतलं मी." हे त्या मला सांगत नव्हत्या. हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला आणि मध्येच थांबला. त्या आत गेल्या. आतून पाणी पडल्याचा आवाज आला, बराच वेळ. मी ओसरीवर उभा. बाहेर आल्या तेव्हा केस ओले होते, कपाळावर विभूती होती.

"फोन का केला नाहीस?"

"फोनवर सांगितलं असतं तर सांगून मोकळा झालो असतो मॅडम."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वर्गात चुकीचं उत्तर बरोबर शब्दांत दिलं की शिक्षक बघतात, तसं. मग दाराला हात लावून म्हणाल्या, "तू जा आता."

आमच्याकडं वैऱ्यालासुद्धा चहा विचारतात. मी चहाशिवाय परत आलो आणि ते मला योग्यच वाटलं.

दुकान उघडल्यावर पहिलं काम केलं, 'सगळं वेगळं' ही पाटी काढली. तिच्या जागी दुसरी रंगवून घेतली. पेंटर तोच. ह्या वेळी मी शेजारी उभा राहिलो. 'या दुकानात एकदा शाकाहारी वाडग्यात कोंबडीचं तेल पडलेलं आहे. चूक मालकाची. यापुढे शाकाहारी फक्त सोमवारी. त्या दिवशी दुकानात कोंबडी येत नाही.' पेंटर म्हणाला, "साहेब, हे 'रामायण'पेक्षा वाईट हाय." संगीता म्हणाली, "असं कुणी लिहितं का? डॉक्टर दवाखान्यावर लिहितो का, एकदा चुकीची गोळी दिली होती म्हणून?"

तिचं बरोबर होतं. गिऱ्हाईक तुटलं. शाकाहारी तर गेलेच, पण कोंबडी खाणारेही काही गेले. त्यांना वाटलं, इथं काहीतरी भानगड आहे. जे राहिले ते छळायचे. "उत्तमभाऊ, आज कोणत्या डब्यातून?" रोज पंचवीस वाडग्यांचं पीठ करायला लागलो, गुडघ्यांना तेवढाच आराम. सोमवारी मात्र पाचसहा लोक यायला लागले. पाटी वाचूनच आले होते. एक गुजराती म्हातारे म्हणाले, "बाकी सगळे म्हणतात चूक होत नाही. तू एकटा म्हणतोस झाली. म्हणजे तू नीट बघत असणार." बघून राहिलो होतो खरा. डबे आता एकाच रंगाचे नाहीत. शाकाहारीचा पितळी आहे, कोंबडीची चिनी मातीची बरणी.

मॅडम आल्या नाहीत. एक महिना, दोन, सहा. त्यांच्या स्टुलावर दुसरं कुणी बसलं की संगीता मला दुसरीकडं काहीतरी काम सांगायची.

आठव्या महिन्यात एका सोमवारी दुकान उघडायच्या आधी दार वाजलं. मॅडम होत्या. नमस्कार नाही, काही नाही. बाहेर उभ्या राहून पाटी वाचली, दोनदा. आत आल्या, स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उघडली, पितळी डबा हुंगला. मी बांबूजवळ हात बांधून उभा. मग त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

"करू का मॅडम एक वाडगा?" संगीतानं विचारलं.

"नको. माझ्याच्यानं ते आता होणार नाही. पाणी दे."

पाणी प्यायल्या, पाच मिनिटं बसल्या आणि गेल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या. पुन्हा पाणी. असं वर्ष झालं. आता बोलतात. गुडघ्याला कोणतं तेल लाव सांगतात, शेवया जाड कापतोस म्हणतात, न खाता. मी एकदा माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, "एकदा मागितलीस ना? मग पुन्हा पुन्हा काय शुद्धलेखन लिहितोस?" जेवायला मात्र हात लावला नाही. माझ्या धंद्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी तारीफ चुकीच्या डब्याला मिळाली, आणि ती भरून काढायची संधी मला मिळणार नाही, हे मी आता धरून चाललो आहे.

गेल्या महिन्यात मॅडमसोबत त्यांची बहीण आली. बाहेरच्या जेवणाला घाबरणारी तीच. काय चमत्कार झाला माहीत नाही. मॅडमनीच ओढून आणली असणार. बहिणीपुढं शाकाहारी वाडगा ठेवला. मॅडम शेजारी पाण्याचा ग्लास घेऊन बसल्या.

बहीण तीन घास जेवल्या, मग भिंतीवरच्या पाटीकडं नजर गेली. चमचा खाली ठेवून त्यांनी पाटी मोठ्यानं वाचली. आणि म्हणाल्या, "अगं बाई! अक्का, हे बघ. कुणाला तरी ह्यांनी कोंबडीचं खाऊ घातलंय. कोण बिचारं असंल ग?"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. संगीता गल्ल्यावरून उठून उभी राहिली. एवढ्या दिवसांत मॅडमनी घरच्या माणसालाही सांगितलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं.

मॅडमनी पाटीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही.

"असेल कुणीतरी," त्या म्हणाल्या. "तू जेव. गार होतंय."

बहीण जेवायला लागल्या. मॅडमनी ग्लास रिकामा केला आणि माझ्यापुढं सरकवला.

"अजून एक दे रे, उत्तम."